ते दार नेमकं कुठं आहे?

शाळेत गोष्ट सांगायला गेले की शेवटी हा प्रश्न येतोच. तिसरी-चौथीतली मुलं सरळ विचारतात, "ते दार कुठं आहे?" सातवी-आठवीतल्यांना तसं विचारायची लाज वाटते, म्हणून ती "तुम्हाला हे कसं सुचलं?" असं म्हणतात. पण त्यांनाही दाराचाच पत्ता हवा असतो, हे त्यांच्याकडे बघून कळतं. माझ्या जवळजवळ सगळ्या गोष्टींत दोन-तीन मुलं एका दारातून एका लपलेल्या जगात जातात, तिथं काही करतात आणि परत येतात. इतकी वर्षं मी मोघम उत्तर देत आले, "शोधा, सापडेल." मुलांना हे उत्तर आवडत नाही. ती गोष्टीवर खरा विश्वास टाकून विचारत असतात आणि मी टाळत असते. तेव्हा यावेळी नीट सांगते.

त्या दाराचे दोन भाग आहेत आणि ते दोन ठिकाणी आहेत. लाकडी चौकट आणि फळ्या आमच्या आजोळी, वाडे या गावातल्या घराला बसवलेल्या आहेत. उंबरा कुर्डीत आहे. तो वर्षातले बहुतेक महिने पाण्याखाली असतो.

गोव्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. कुर्डी हा सांगे तालुक्यातला गाव. भाताची शेतं, माड, काजू, आंबे, फणस, देवळं, कपेल म्हणजे छोटं चर्च, असं सगळं असलेला. गानतपस्विनी मोगूबाई कुर्डीकर इथल्याच, 1904 साली जन्मलेल्या. साळावली नदीवर धरण बांधायचं ठरलं तेव्हा कुर्डी बुडित क्षेत्रात आली. माणसांना वाडे आणि वालकिणी इथं जमिनी देऊन हलवलं आणि 1986 च्या सुमारास गाव पाण्याखाली गेला. महादेवाचं कदंबकाळातलं दगडी देऊळ दगड सुटे करून हलवलं आणि दुसरीकडे जसंच्या तसं रचलं. माणसांच्या घरांचं तसं कोण करणार? ज्यानं त्यानं नेता येईल ते नेलं. माझ्या आजोबांनी कौलं नेली, वासे नेले आणि पुढचं दार चौकटीसकट काढून नेलं. दगडी उंबरा जमिनीत रुतलेला होता. तो निघाला नाही.

एप्रिल संपता संपता धरणाचं पाणी उतरतं आणि मे महिन्यात कुर्डी वर येते. घरांचे चौथरे, विहिरी, वाटा, काळे पडलेले झाडांचे बुंधे, सगळं. जुने गावकरी त्या दिवसांत परत येतात. सोमेश्वराच्या देवळाशी उत्सव होतो, ख्रिस्ती कुटुंबं आपल्या कपेलाच्या जागी प्रार्थनेला जमतात. मग मिरग लागतो, पाऊस धरतो आणि गाव पुन्हा खाली जातो.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा नऊ वर्षांची होते. मामाच्या ओळखीच्या टेम्पोतून आम्ही पंधरा-वीसजण गेलो होतो. आजी पुढं बसली होती, मांडीवर पेजेचा डबा आणि फडक्यात बांधलेली फुलं. उतरलो तर नजर पोचेल तिथवर भेगाळलेला गाळ. पायाखाली शिंपल्या कुरकुरत होत्या. वास माशाचाही नव्हता आणि मातीचाही नव्हता, तो वास मी दुसरीकडे कुठंच घेतलेला नाही. मला सगळे चौथरे सारखेच दिसत होते. आजी मात्र मडगावच्या बाजारात चालावी तशी चालत होती. विहिरीपाशी थांबली, डावीकडे वळली, तुळशीच्या जागेला हात लावून तो कपाळाला लावला आणि एका चौथऱ्यासमोर तिनं चपला काढल्या. मे महिन्याच्या उन्हात, तापलेल्या गाळावर. मग ती किंचित वाकली आणि आत गेली.

ती का वाकली ते मला तेव्हा कळलं नाही. वर आभाळच होतं. आजोळच्या घराचं दार बुटकं आहे, मोठ्या माणसाला वाकूनच आत जावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण ते दार मूळचं इथलं, हे डोक्यात यायला पुढं बरीच वर्षं जावी लागली.

मी तिच्यामागं धावले, ते सरळ समोरून. जिथून जवळ पडत होतं तिथून चौथऱ्यावर उडी मारली. आजी एकदम ओरडली, "गो, दारांतल्यान यो! वणटींतल्यान कोण येता?" दारातून ये, भिंतीतून कोण येतं? तिथं भिंत नव्हती. घोट्याएवढी चिऱ्यांची ओळ होती, बस्स. पण तिच्या आवाजात थट्टा नव्हती. मी उतरले, वळसा घालून उंबऱ्यापाशी गेले, चपला काढल्या आणि आत आले. खरं सांगते, आत आल्यावर मला ते घर दिसलं. इथं देवाची खोली, इथं आजोबांची खाट, इथं रांधप म्हणजे स्वयंपाकघर. आजी बोलत होती म्हणून दिसलं असेल. पण मिनिटभरापूर्वी मी त्याच जागेवर उभी होते तेव्हा ते दिसलं नव्हतं.

मी लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीत ते दार आहे. कधी ते देवराईत असतं, कधी खाजनातल्या, म्हणजे खाडीकाठच्या बांध घातलेल्या शेतातल्या, मानशीच्या म्हणजे पाण्याच्या झडपेच्या फळ्यांमागं, कधी वारुळात.

देवराईचं आणखी थोडं सांगते, कारण तिथं मी नियम शिकले. सत्तरी तालुक्यात बांबर इथं निरंकाराची राय, म्हणजे देवराई, आहे. गोड्या पाण्याची दलदल आणि तिच्यात रानजायफळाची झाडं. त्यांची मुळं पाण्यातून वर येतात आणि गुडघ्यासारखी वाकून पुन्हा खाली जातात. भर दुपारी तिथं उभं राहिलं तर वाटतं, पुष्कळ माणसं पाण्यात गुडघे वर काढून बसली आहेत आणि आपण आल्यामुळे बोलायची थांबली आहेत. ही झाडं अजून उभी आहेत, कारण ती राय देवाची. तिथली काटकीसुद्धा घरी न्यायची नाही, असं लोकांनी पिढ्यानपिढ्या पाळलं. आमच्याकडे प्रत्येक गावाला राखणदार असतो. तो रात्री शिवेवरून फिरतो, हातात दांडा, पायांत वहाणा. वेताळाला तर चामड्याच्या वहाणा वाहतात आणि त्या झिजतात असं मानतात, कारण तो चालतो. लपलेलं जग म्हणजे जाऊन लुटायची गुहा, असं मला म्हणूनच कधी लिहिता आलं नाही. तिथं आधीपासून कुणीतरी राहतं, राखण करतं. विचारून आत जायचं, काही उचलायचं नाही, वेळेत परत यायचं. माझ्या गोष्टीतली मुलं पहिला पाऊस पडायच्या आत परततात, ते कुर्डीमुळं.

मोठी माणसं मला कधी कधी म्हणतात, हे सगळं मूळ इंग्रजी गोष्टींतलं आहे, कपाटातून बर्फाळ जगात जाणारी मुलं वगैरे. ती गोष्ट मलाही फार प्रिय आहे. 'द लायन, द विच अँड द वॉर्डरोब', 1950 सालची. पण ती मुलं त्या कपाटापर्यंत पोचली कशी, याकडे लोकांचं लक्ष जात नाही. लंडनवर बॉम्ब पडत होते म्हणून त्यांना घर सोडून खेड्यातल्या एका परक्या, मोठ्या घरी पाठवलेलं असतं. लेखक सी. एस. लुईस यांच्या ऑक्सफर्डजवळच्या घरीही 1939 मध्ये अशी मुलं राहायला आली होती. हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. ती मुलं उगाच भटकताना कपाटात शिरली असं मला आता वाटत नाही. ज्याचं घर सुटलेलं असतं ते मूल प्रत्येक दार उघडून बघतं.

आणि म्हणूनच "ते सगळं स्वप्न होतं" हा शेवट मला सोसत नाही. 1865 साली ससोब्याच्या बिळात पडलेल्या ॲलिसची गोष्ट तशी संपते आणि ती तिला शोभते, कारण तिथली प्रत्येक गोष्ट स्वप्नासारखीच वितळत, आकार बदलत जाते. पण आपल्या बालसाहित्यात हा शेवट सवयीचा झाला. राक्षसाशी लढून, आकाशातून उडून मूल दमतं आणि शेवटच्या ओळीत आई हाक मारते, ऊठ, शाळेची वेळ झाली. मी लहानपणी अशा शेवटाला पुस्तक भिरकावलं आहे. मुलाला आपण सांगतो काय? तू जे पाहिलंस ते नव्हतंच. माझ्या आजीला कुणी तसं म्हणालं असतं तर? कुर्डी नव्हतीच, तुला स्वप्न पडलं होतं. माझ्या गोष्टीतली मुलं परत येतात तेव्हा त्यांच्या पायाला गाळ लागलेला असतो. तो मी पुसत नाही.

मडगावच्या शाळांत गेले की मी मुलांना आणखी एक सांगते. दक्षिण गोव्याच्या नळांना येणारं बरंचसं पाणी साळावलीचं. सकाळी पेला भरता तेव्हा ते पाणी कुणाच्या तरी अंगणावरून, कुणाच्या चुलीवरून आलेलं असतं. एकदम शांतता होते. मग कुणीतरी धरणाच्या सांडव्याबद्दल विचारतं. बदकाच्या चोचीसारखा वळलेला तो सांडवा, पावसाळ्यात पाणी तीन बाजूंनी त्याच्या पोटात कोसळतं आणि लोक बघायला गर्दी करतात. "दार तेच ना?" नाही. पण असं वाटावं असंच ते दिसतं, आणि पाणी तिकडूनच येतं, एवढं मी कबूल करते.

दोन वर्षांपूर्वी किनाऱ्याकडच्या एका मराठी प्राथमिक शाळेत मी मुलांना आपापलं दार काढायला सांगितलं. आपल्या मराठी शाळांत आता बाहेरून कामाला आलेल्यांची मुलं पुष्कळ असतात. त्यांच्या घरी तिसरीच भाषा, रस्त्यावर कोंकणी, वर्गात मराठी. बहुतेकांनी झाडाच्या ढोलीतलं दार काढलं, काहींनी समुद्रातलं. एका मुलानं साधं घर काढलं आणि दाराला हे एवढं मोठं कुलूप. आत काय आहे विचारलं तर म्हणाला, "आमचं घर." गावाकडचं, बंद असलेलं. किल्ली आईकडे असते, दर रविवारी ती पुसून ठेवते. आतल्या जगात जादू काय, असं मी विचारलं, कारण विचारायचं म्हणून मी सगळ्यांना तेच विचारत होते. तो जरा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "आत सगळं तसंच आहे."

त्या दिवशी मला आईची आठवण झाली. आई दर वर्षी कुर्डीला यायची, पण चौथऱ्यावर कधी चढायची नाही. देवळापाशी छत्री उघडून बसायची, सगळ्यांना सरबत द्यायची. आम्ही घरात फिरून आलो की "चला, ऊन वाढतंय" म्हणायची. आजी गेली, आजोबा गेले, तरी तिचा नेम तोच. घर सोडताना ती संसाराला लागलेली, मांडीवर मी होते. घराबद्दल ती आमच्याशी एक शब्द बोलली नाही. मी इतक्या गोष्टी लिहिल्या, तिनं त्या सगळ्या वाचल्या आणि प्रत्येक वेळी एवढंच म्हणाली, "बरी झालीय."

गेल्या मे महिन्यात भाचा पहिल्यांदा आमच्याबरोबर आला. आठ वर्षांचा आहे. माझ्या गोष्टी त्याला पाठ आहेत आणि दार दाखवायचं मी त्याला कबूल केलं होतं. गाळ दर वर्षी थोडा वर चढतो. उंबरा जवळजवळ दिसेनासा झाला होता. आम्ही दोघांनी हातांनी उकरून तो मोकळा केला. त्यानं चपला काढल्या, उंबरा ओलांडला, मी सांगत होते तशा खोल्या बघितल्या. देवाची खोली, खाट, रांधप. मग रांधपाच्या जागी उभा राहून त्यानं विचारलं, "आणि मागीलदार?"

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मी त्या घरात जात होते, आजीनं मला सगळं दाखवलं होतं, पण मागचं दार कुठं होतं ते मी कधी विचारलंच नव्हतं. माझ्या एकाही गोष्टीत मागचं दार नाही. मुलं जिथून जातात तिथूनच परत येतात. तो माझ्याकडे बघत होता आणि मी चिऱ्यांच्या त्या ओळींकडे.

"थंय न्हय," मागून आवाज आला. "हांगा."

आई छत्री मिटून उंबऱ्याशी उभी होती. तिनं चपला काढल्या आणि आत आली. चुलीच्या जागेला वळसा घालून उजवीकडे गेली, एका दगडापाशी थांबली आणि भाच्याला म्हणाली, इथून विहिरीकडे जायचं, इथं पायरीवर मी भांडी घासायची, इथून तुझा पणजोबा गुरं बघायला जायचा. त्यानं तिचा हात धरला. आई वाकली आणि दोघंही मागच्या अंगणात उतरली.