पद्मिनीत मोटर बसली, आरसीत बसेना

जुन्या फियाटला विजेच्या मोटरचा जोड देऊन हायब्रिड करायचं मनात असेल, तर मिस्त्रीकडे जायच्या आधी आरसी काढा आणि गाडी कोणत्या साली बनली ते बघा. सगळा खेळ त्या एका तारखेवर आहे. माझी प्रीमियर पद्मिनी, म्हणजे लोकांच्या तोंडची फियाटच, १९९४ ची. पेट्रोल, १०८९ सीसी, गिअरचा दांडा स्टिअरिंगला, बाबांनी नवी घेतलेली.

हायब्रिडचं खूळ डोक्यात शिरलं २०१० ला. पुण्याच्या केपीआयटी कंपनीने भारत फोर्ज कंपनीबरोबर 'रेव्होलो' नावाचं किट तेव्हा दाखवलं होतं. इंजिन आहे तिथेच राहणार, त्याला मोटर जोडायची, बॅटरी डिकीत. सिग्नलवरून उठताना आणि चढावर मोटर हात देणार. पद्मिनी पेट्रोल पिते ती नेमकी तिथेच, पहिल्या-दुसऱ्यात. ते किट माझ्यासारख्या गिऱ्हाइकापर्यंत कधी पोचलं नाही, पण कल्पना काही डोक्यातून गेली नाही.

२०१६ मध्ये केंद्राने जुन्या गाड्यांना असं किट बसवायचे नियम काढले. वाचले आणि चडफडलो. साडेतीन टनांपर्यंतच्या गाडीला हायब्रिड किट लावायचं तर गाडी निदान बीएस-२ हवी, म्हणजे धुराच्या 'भारत स्टेज' निकषांतल्या दुसऱ्या टप्प्याची. मुंबईत बीएस-२ आलं २००१ ला, आणि पद्मिनीचं उत्पादन त्याच सुमारास थांबलं. म्हणजे जी गाडी जास्त धूर ओकते तिलाच मोटरची मदत मिळणार नाही! इंजिन पूर्ण काढून इलेक्ट्रिक करायची असेल तर मात्र १ जानेवारी १९९० किंवा त्यानंतर बनलेली गाडी चालते. माझी त्यात बसली. मावसभावाची ८६ ची फियाट दोन्हीकडून गेली. ती विंटेज म्हणून नोंदवावी म्हटलं तर २०२१ च्या नियमाप्रमाणे गाडीला पन्नास वर्षं पूर्ण हवीत आणि ती मूळ रूपातच हवी. या मधल्या गाड्यांना कुणी वाली नाही.

तेव्हा हायब्रिडवर पाणी सोडलं आणि पूर्ण इलेक्ट्रिक करायचं ठरवलं. गॅरेजचं काम सुरळीत झालं, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. गिअरबॉक्स जागेवरच, त्याला ॲडॉप्टर प्लेट लावून मोटर, डिकीत लिथियम आयर्न फॉस्फेटची बॅटरी. पुढचं वजन मागे गेल्यामुळे गाडी मागून बसायला लागली, म्हणून मागच्या कमानीत एक पाटा वाढवून घेतला. हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर प्रत्येक स्पीडब्रेकरला गाडी खाली घासते. आणि चारही ड्रम ब्रेकचे लायनर नवे टाका, त्यात कंजुषी नको.

आता आरटीओ. कोणतं ते सांगत नाही, पुढच्या वर्षी परत त्यांच्याच दारात जायचंय.

फाइल जाडजूड होती. किटच्या मंजुरीची प्रत, किट कंपनीने नेमलेल्या फिटरचा दाखला, विमा, आरसी, चेसिस नंबरची पेन्सिलने घेतलेली छाप. खिडकीवरच्या माणसाने पहिलं पान उघडलं.

"इंजिन नंबर?"

"इंजिन काढलंय साहेब. मोटरचा नंबर हा."

"तो नको. इंजिन नंबर सांगा."

"इंजिनच नाहीये."

"मग गाडी चालते कशावर?"

मागच्या रांगेत हसू फुटलं. मला नाही आलं. मोटरचाच नंबर त्या रकान्यात टाका म्हटलं, तर त्याला साहेबांचा शेरा लागतो. साहेब आरटीओच्या बाहेरगावच्या कॅम्पला गेलेले. सीएनजीची फाइल एजंट लोक डोळे मिटून करतात, म्हणून दारातल्या एकाला विचारलं. त्याने कागद चाळले आणि पैसे न मागता परत दिले. एजंट पैसे मागत नाही म्हटल्यावर मी खरा घाबरलो.

साहेब भेटले तेव्हा म्हणाले, असा बदल करताच येत नाही, सुप्रीम कोर्टाने बंदी घातलीय. तो २०१९ चा निकाल मी वाचलेला होता. मूळ कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल करू नका, असं त्यात आहे. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्येच बॅटरीसकट दुसऱ्या ऊर्जेवर गाडी नेण्यासाठी किट बसवायची सवलत लिहिली आहे. त्या कलमाची प्रत पिवळ्या मार्करने रंगवून नेली होती, ती पुढे सरकवली. तोंडी वाद घालू नका, कागद सरकवा. साहेबांनी वाचलं, "हं" केलं आणि तपासणीला पाठवलं.

तपासणीत बॉनेट उघडलं, मोटर बघायला अर्धं आवार गोळा झालं. मग अडलं चेसिसच्या छापेवर. गंजामुळे एक आठ तीनासारखा उमटला होता. नंबरवर सँडपेपर चुकूनही मारू नका, घासलेला नंबर दिसला की वेगळीच चौकशी मागे लागते. डिझेलचा बोळा फिरवायचा, पुसायचं, पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासायची. तिथेच उकिडवं बसून नवी छाप काढून दिली.

वाटलं, झालं. खिडकीवर परत गेलो तर म्हणे विम्यावर पेट्रोल लिहिलंय, ते इलेक्ट्रिक करून आणा. विमा कंपनीत गेलो. ते म्हणाले, आरसीवर इलेक्ट्रिक दिसल्याशिवाय आम्ही पॉलिसी बदलत नाही. आरटीओ म्हणतं पॉलिसीशिवाय आरसी नाही. दोन्हीकडची माणसं नम्रपणे बोलत होती, तेच जास्त डोक्यात जायचं. दरम्यान गाडी गॅरेजच्या शेडमध्ये बंद. रस्त्यावर काढायची सोय नाही, कारण परवानगी नसलेल्या बदलाला कलम १८२ अ खाली दर बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. बाबा रोज विचारायचे, "कुठवर आलं रे?" मी विषय बदलायचो.

सुटलं ते विमा कंपनीतल्या एका बाईंमुळे. त्या म्हणाल्या, "दादा, पॉलिसी बदलून मागू नका. बदल कळवल्याचं पत्र द्या, आम्ही पोच देतो. आरसी आली की पुढचं बघू." पत्रावर त्यांनी शिक्का मारला, खाली एक ओळ लिहिली की नोंद झाल्यावर पॉलिसीत दुरुस्ती केली जाईल. तो एक कागद फाइलला लावला आणि खिडकीवरच्या त्याच माणसाने काही न बोलता घेतला. इतके दिवस हाच कागद हवा होता, हे त्याला सांगता आलं नसतं का?

नव्या आरसीवर इंधनाच्या रकान्यात 'इलेक्ट्रिक बीओव्ही' (म्हणजे बॅटरीवर चालणारी गाडी) आलं आणि इंजिन नंबरच्या जागी मोटरचा नंबर. त्या दिवशी आवारातच चहावाल्याला सगळ्यांचे पैसे दिले, एजंटाचेसुद्धा. गाडीला आता हिरवी पाटी, पांढरी अक्षरं. बाबांना पाटी आवडलेली नाही, पण तिसऱ्या गिअरमध्ये गाडी टाकून ते गावभर फिरतात. दांडा हलवायची गरजच फारशी पडत नाही. पीयूसीची कटकटही संपली.

एक आधी सांगायला हवं होतं ते राहिलं. किटच्या मंजुरीला तीन वर्षांची मुदत असते. पैसे देण्याआधी ती तारीख बघा, आणि त्या मंजुरीत तुमचं मॉडेल नावानिशी आहे का तेही. "सगळ्या गाड्यांना बसतं" म्हणणारा विक्रेता भेटला तर चहा न पिता उठा. आणि काढलेलं इंजिन आरसी हातात पडेपर्यंत विकू नका. माझ्याकडे तपासणीत जुन्या इंजिनाचा नंबर दाखवायला सांगितला होता, शेडमध्ये होतं म्हणून निभावलं. आता विकायला काढलंय. कार्बोरेटर मात्र मावसभाव घेऊन गेला.