शीळ वाजवतोस?

शीळ की शिट्टी, यावरून डबिंगच्या शेवटच्या दिवशी आमची पाऊण तास जुंपली. बाहेरच्यांना हा वेडेपणा वाटेल. आमच्याकडे एका शब्दापायी जेवण राहणं नवीन नाही.

चित्रपट इटालियन, डॉन बॉस्कोंच्या आयुष्यावरचा. मराठी संवाद माझे. यातला ‘डॉन’ हा पहिल्या दिवसापासूनचा ताप. इटलीत धर्मगुरूच्या नावाआधी तो मानानं लावतात, मूळ लॅटिन ‘दोमिनुस’, म्हणजे स्वामी. आपल्याकडे डॉन म्हटलं की काय आठवतं ते सांगायला नको. बॉस्कोंचं नाव शाळांमुळे कानावरून गेलेलं असतं, पण त्यांचे गुरू ‘डॉन काफासो’ तुरुंगात कैद्यांना भेटायला निघाले आणि क्राउडला, म्हणजे गर्दीचे आवाज द्यायला आलेली सगळी मंडळी फिसकन हसली. शेवटी बॉस्को तेवढे ‘डॉन’ ठेवले, बाकी सगळ्यांना ‘फादर’ केलं.

तर तो प्रसंग. ८ डिसेंबर १८४१, तुरीनमधलं असिसीच्या संत फ्रान्सिसचं चर्च. बॉस्को त्याच वर्षी जूनमध्ये धर्मगुरू झालेले, वय सव्वीस. मिस्साची, म्हणजे चर्चमधल्या उपासनाविधीची तयारी चाललेली. कोपऱ्यात एक गवंडीकाम करणारा पोरगा उभा. चर्चचा सेवक त्याला म्हणतो, मिस्साला मदत कर. पोराला ती येत नाही. सेवक झाडणीच्या दांड्यानं त्याला झोडपत बाहेर काढतो. बॉस्को ओरडतात, त्याला परत बोलाव, तो माझा मित्र आहे. मग विचारपूस. नाव बार्तोलोमेओ गारेल्ली, गाव आस्ती, वय सोळा. बाप? नाही. आई? तीही नाही. लिहिता-वाचता येतं? काहीच येत नाही. गातोस? नाही. आणि मग ‘साइ फिस्क्यारे?’ शीळ वाजवता येते का? पोरगा हसतो. पुढे त्यांनी पोरांसाठी जे काही उभं केलं, शिवणकामाचे-चांभारकामाचे वर्ग, छापखाना, त्याची सुरुवात चरित्रकार या हसण्यापासून सांगतात.

आमच्या डबिंग डायरेक्टरला ‘शिट्टी येते?’ हवं होतं. उच्चाराचे ठोके चार, मुळातही चारच. ‘शीळ आता कवितेत राहिली, मॅडम.’ माझं म्हणणं, शिट्टी कुकरची, पंचाची, नाहीतर नाक्यावर उभ्या टवाळांची. शीळ माणूस एकटा असतानाची. शिवाय शॉट क्लोजअप. ‘फि’ म्हणताना नटाचे वरचे दात खालच्या ओठावर टेकलेले स्वच्छ दिसतात, आणि ‘शिट्टी येते’मध्ये ओठाला काही कामच नाही. ‘शीळ घालतोस?’ मध्येही नाही. रात्री कधीतरी सापडलं, ‘शीळ वाजवतोस?’ शीळ, वाज, व, तोस. ठोके चार आणि ‘वा’ बरोब्बर ‘फि’वर. रेकॉर्डिस्टनं लूप, म्हणजे त्या वाक्याचा तुकडा, फिरवली आणि ओठ असे बसले की डायरेक्टर गप्प झाला. हे कुणाच्या लक्षात येणार नाही, येऊही नये. पण मला त्या दिवशी माझाच अभिमान वाटला, हे खरं.

तितकीच मारामारी ‘अमोरेव्होलेत्सा’वर झाली होती. विवेक, धर्म आणि हे तिसरं, या तिन्हींवर बॉस्कोंची शिक्षणपद्धत उभी आहे. मार देऊन सुधारायचं नाही, चूक होण्याआधीच सोबत राहायचं. १८८४ मध्ये रोमहून त्यांनी लिहिलं, की पोरांवर नुसता जीव असून भागत नाही, तो आहे हे त्यांना कळलं पाहिजे. चित्रपट ज्यांचा, त्यांनी आम्हाला ‘वात्सल्य’ सुचवलं होतं. वात्सल्य हा सत्काराच्या भाषणातला शब्द. मी ‘माया’साठी हटून बसले आणि जिंकले.

गारेल्लीच्या आवाजासाठी या वेळी खरंच मुलगा बोलावला होता. एरवी पोरांचे आवाज बायका काढतात, आणि छान काढतात, पण सोळा वर्षांचा फुटू घातलेला आवाज त्यांच्याकडून येत नाही. मुलगा पंधराचा असेल. आवाज नेमका तोच. फक्त इंग्रजी माध्यमातला, देवनागरी एकेक अक्षर लावत वाचणारा. कोऑर्डिनेटरनं हे सांगितलंच नव्हतं. त्यांना माणूस पोचवला की काम संपलं. पडद्यावर ओठ हलून थांबायचे आणि हा अजून दुसऱ्या शब्दावर. नऊ टेक गेले. मी काचेच्या अलीकडे म्हणाले, ‘वाचताही येत नाही तर पाठवतात कशाला यांना?’

टॉकबॅकचं, म्हणजे आमचं बोलणं आत हेडफोनवर पोचवणारं बटण डायरेक्टरच्या कोपराखाली दाबलेलं होतं.

मुलानं हेडफोन थोडा सैल केला, परत लावला. म्हणाला, ‘आता घेऊया?’ लूप आली. मुळात ‘नोन सो न्येन्ते’. ओठ कुठेच मिटत नाहीत, म्हणून मी ‘मला’ काढून टाकलं होतं. तो म्हणाला, ‘काहीच येत नाही.’

डायरेक्टर खुर्चीतून उठला. ‘ओके! हाच ठेवा.’ रेकॉर्डिस्टनं मान वर केली नाही. टेक खरोखरच अफाट होता. दुसरा घ्या म्हणायला माझ्याकडे धंद्यातलं एकही कारण नव्हतं, आणि जे होतं ते मी बोलले नाही.

त्याची उरलेली अकरा वाक्यं मी तिथेच बसून रोमन लिपीत उतरवून दिली. दहा मिनिटं लागली. सकाळीच विचारलं असतं तर सकाळीही दहाच लागली असती. कागद हातात घेऊन तो म्हणाला, ‘थँक्यू मॅडम.’ मग वाक्यं भराभर झाली.

अडलं ते हसण्यावर. ‘शीळ वाजवतोस?’ नंतर संवाद नाही, नाकातून सुटलेला एक बारीकसा हसरा श्वास आहे. तो काही येईना. सात वेळा घेतला. डायरेक्टरनं विनोद सांगितले, मीही एक सांगून पाहिला. पोरगा शहाण्यासारखा दरवेळी हसला, पण हसल्यासारखा. शेवटी रेकॉर्डिस्ट म्हणाला, ओरिजिनल ट्रॅक तिथे स्वच्छ आहे, तोच उचलतो.

त्यामुळे मराठी चित्रपटात त्या जागी हसतोय तो इटालियन पोरगा. ‘काहीच येत नाही’ म्हणतोय तो आपला.