मोठ्या दाट ब्रशचा फेस: साबण किती, पाणी कधी

दाढीचा मोठा ब्रश घेतलेल्यांची तक्रार ठरलेली असते. सुलटा हात, म्हणजे केसांच्या दिशेने वस्तरा, झक्कास होतो, उलटा हात, म्हणजे केसांच्या विरुद्ध दिशेने, मारायला जावं तर ब्रशमध्ये फेसच नाही. ‘हा ब्रश फेस खातो’, असा शिक्का मग त्याच्यावर बसतो. खरं तर बहुतेक वेळा साबण कमी घेतलेला असतो, आणि त्या तुटपुंज्या साबणावर सुरुवातीलाच भरमसाट पाणी ओतलेलं असतं.

सवय लागते ती लहान ब्रशची. सलूनमध्ये किंवा जनरल स्टोअरमध्ये मिळतो त्या ब्रशच्या केसांची जुडी साधारण २० मिमी व्यासाची आणि विरळ. ब्रश पाण्यात बुडवला, ट्यूबमधून थोडं क्रीम पिळलं, गालावर दहा-बारा वेळा गोल फिरवला की फेस तयार. हाच हिशेब २८ मिमीच्या ब्रशला लावला की फसतो. व्यास ८ मिमीनेच वाढलाय असं वाटतं, पण जुडीचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट होतं. त्यात केसही दाट. केसांमधल्या फटी भरल्याशिवाय फेस टोकापर्यंत येत नाही, आणि इतक्या फटी भरायला तेवढा माल लागतोच.

ब्रश विकणारे दोन आकडे देतात: नॉट म्हणजे जुडीचा व्यास, आणि लॉफ्ट म्हणजे मुठीबाहेर आलेल्या केसांची उंची. व्यास तोच ठेवून लॉफ्ट कमी केला की ब्रश ताठ आणि घट्ट लागतो. २८ मिमी नॉट आणि ५० मिमी लॉफ्टचा ब्रश हातात घेतला तर कोथिंबिरीची जुडी दोऱ्याने आवळल्यासारखा वाटतो. तोच ६० मिमी लॉफ्टचा असेल तर सैल, डुलणारा. सिम्पसन कंपनीचा चबी नावाचा ब्रश हा दाटपणाचा जुना मापदंड. बॅजर या प्राण्याचे केस त्यात इतके ठासून भरलेले असतात की कोरड्या ब्रशमध्ये बोट घालायला जागा सापडत नाही. पुढे लिहिलंय ते मुख्यतः अशा ब्रशबद्दल.

भिजवण्यापासून सुरुवात करू. दाट ब्रश नळाखाली धरला की बाहेरचे केस चिंब होतात आणि गाभा कोरडाच राहतो, कारण केसांमध्ये अडकलेली हवा पाणी आत शिरू देत नाही. म्हणून तो वाटीभर कोमट पाण्यात केसांचं मूळ पाण्याबाहेर राहील इतपत बुडवावा, आणि पाण्यातच टोकं तळव्यावर हलके दाबून पसरावीत. बुडबुडे यायचे थांबले की गाभ्यात पाणी पोचलं. बॅजरला दोन-तीन मिनिटं पुरतात. डुकराच्या केसांना मात्र पाच ते दहा मिनिटं द्यावी लागतात, कारण ते केस स्वतःच पाणी पितात आणि भिजल्यावरच मऊ होतात. नवा असेल तर पहिल्या पंधरा-वीस दाढ्या त्याची टोकं फाटून मऊ व्हायला जातात, तोवर तो खरखरीतच लागणार. सिंथेटिक धागा पाणी पीत नाही, फक्त फटींत धरून ठेवतो. त्याला भिजत ठेवायची गरज नाही, बुडवून काढला की झालं. पाणी कोमट म्हणजे बोट आरामात राहील इतपतच. कढत पाण्याने केस ठिसूळ होतात आणि मुळाशी जुडी धरून ठेवणारा गोंद ढिला पडू शकतो.

आता सगळ्यात जास्त चुका होतात ती जागा. भिजलेल्या ब्रशमधलं किती पाणी काढायचं? लहान ब्रश दोनदा झटकला की पुरतं. दाट ब्रश दोनदा झटकला तरी मुळाशी बरंच पाणी शिल्लक राहतं, ते दिसत नाही, आणि साबण उचलताना आधी तेच खाली उतरतं. पाणचट, मोठ्या बुडबुड्यांचा फेस येतो तो यामुळे. म्हणून झटकण्याआधी केस मुळाशी मुठीत धरून एकदा हलकेच पिळावेत. पिरगळायचं नाही, फक्त दाबायचं. मग तीन-चार झटके. केस ओले हवेत, पण ब्रश उलटा धरल्यावर थेंब पडता कामा नये. अंदाज बसत नसेल तर स्वयंपाकघरातला ग्रॅमचा वजनकाटा घ्यावा. कोरड्या ब्रशचं वजन, आणि पिळून झटकल्यावरचं वजन. पाण्याचा एक ग्रॅम म्हणजे एक मिलिलिटर, त्यामुळे ब्रशने किती पाणी धरलंय ते नेमकं कळतं. आठवडाभर असं मोजलं की हाताला सवय होते आणि काटा परत पिठाकडे जातो.

साबण उचलण्याला घाई चालत नाही. टॅबॅकसारख्या कडक साबणाच्या वडीवर लहान ब्रश वीस सेकंद फिरवून भागतं, दाट ब्रशला ४० ते ६० सेकंद धरून चालावं. सुरुवातीचे दहा-पंधरा सेकंद पातळ, मोठ्या बुडबुड्यांचा फेस दिसेल. तिथे थांबणारे पुष्कळ. फिरवत राहिलं की बुडबुडे बारीक होतात, मग नाहीसे होतात, आणि टोकांवर दाट लेप चढायला लागतो. ब्रश वडीवर ओढल्यासारखा जड लागला आणि टोकं एकमेकांना चिकटून लेपाने माखली की पुरेसा साबण आला. दाब इतकाच द्यावा, की टोकांचा वरचा सेंटीमीटरभर भाग पसरेल. जोर लावून साबण जास्त येत नाही. फक्त केस मुळाशी वाकतात.

मोठ्या ब्रशचा आणखी एक घोळ म्हणजे साबणाचा डबा. डबा ६० मिमीचा आणि पसरलेला ब्रश त्याहून रुंद, मग अर्धा लेप कडेवरून बेसिनमध्ये जातो. अशा वेळी वडीचा पिच्छा सोडावा. मऊ साबण असेल, चेल्लासारखा, तर हरभऱ्याएवढे दोन गोळे काढून वाडग्याच्या तळाला बोटाने फासावेत. लहान ब्रशला त्यातला एक पुरला असता. क्रीमच्या बाबतीत बदामाएवढं हे जे प्रमाण सगळे सांगतात, ते मोठ्या ब्रशसाठी दीडपट-दुप्पट करावं, आणि क्रीम ब्रशच्या मधोमध न ठेवता वाडग्यात किंवा गालावर लावावं. मधोमध ठेवलेलं क्रीम दाट जुडीच्या गाभ्यात शिरतं आणि दाढी होईस्तोवर बाहेर येत नाही. आर्कोसारखी कांडी तर अशा ब्रशला फार सोयीची. भिजवलेल्या दाढीवर केसांच्या उलट दिशेने घासायची, हनुवटी आणि गळ्यावर जरा जास्त. साबण थेट कामाच्या जागी जातो, ब्रशला फक्त पाणी आणि हवा मिसळायची उरते.

आता पाणी. एकदम नाही. ब्रशची फक्त टोकं, तीन-चार मिलिमीटर, पाण्याला टेकवायची आणि पंधरा-वीस सेकंद घोटायचं. वाडग्यात करत असाल तर दर वेळी अर्धा चमचा. दाट ब्रशला असे पाच-सहा हप्ते सहज लागतात. लहान ब्रशची सवय असलेला माणूस तिसऱ्या हप्त्याला थांबतो, कारण फेस तोवर छान जाड दिसायला लागलेला असतो. तो जाड असतो, पण कोरडा. चक्क्यासारखा: टोक काढलं तर ताठ उभं राहतं, चमक नाही, बोटांत चोळला तर चिकटतो. यावर वस्तरा अडखळतो आणि कातडी ओढली जाते. फोटोत दिसणारा डोंगरासारखा फेस बहुधा याच अवस्थेतला असतो. अजून पाणी गेल्यावर त्याचं नीट फेटलेलं श्रीखंड होतं: चकाकी येते, टोक काढलं की मान टाकतं, बुडबुडे डोळ्याला दिसत नाहीत, आणि अंगठा-बोटामध्ये चोळलं की साबणाचा थर मध्ये राहून बोटं घसरतात. इथे थांबायचं. त्यापुढे गेलात तर ताकावरचा फेस. तो गालावर टिकत नाही, बुडबुडे फुटतात आणि दाढी उघडी पडते. चक्क्याचं श्रीखंड करता येतं, ताकाचा परत चक्का होत नाही. उपाय एकच, ब्रश पिळून पुन्हा साबणावर.

वाडग्यात की थेट गालावर, यावर वाद घालणारे घालोत. दाट, ताठ ब्रशला गाल बरा, कारण त्याचा ताठपणा दाढीचे खुंट उभे करतो. पण सुरुवातीला गोल फिरवून झालं की मग रंगाऱ्यासारखे आडवे-उभे हात मारावेत. सतत दाबून गोल फिरवत राहिलं की फेस जुडीत आत ढकलला जातो. वाडगा वापरायचाच तर तो रुंद हवा, आतून थोडा खडबडीत किंवा कंगोऱ्याचा असेल तर उत्तम. गुळगुळीत स्टीलच्या वाटीत मोठा ब्रश नुसता घसरत राहतो.

उलट्या हाताला फेस संपला असं वाटलं तर साबणाकडे धावण्याआधी केस मुळाशी दोन बोटांत धरून टोकाकडे दाबत न्यावेत. जाड, पांढरा फेस बाहेर आला तर तो आत साठलेलाच होता. टोकं जराशी ओली करून पुढे चालू ठेवा. पांढुरकं पाणी आलं, तर सुरुवातीला साबणच कमी उचलला होता.

हे सगळं करूनही फेस खाली बसत असेल तर पाण्याकडे पाहावं. बोअरवेलच्या पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावून न विरघळणारा राखाडी साका तयार करतं, आणि तेवढा साबण फेसाला उरतच नाही. मुंबईला तलावांचं पाणी येतं, ते मृदू असल्याने तिथे हा त्रास सहसा जाणवत नाही. पण ज्या सोसायटीत उन्हाळ्यात बोअरचा टँकर येतो, तिथे एप्रिलमध्ये ब्रश ‘बिघडतो’ आणि पावसाळ्यात आपोआप ‘सुधारतो’. गीझरच्या कॉइलवर पांढरी खरपुडी चढत असेल तर हीच गोष्ट. पाणी उकळून कठीणपणाचा एक भाग जातो, पूर्ण नाही. प्यायचं आरओचं पाणी मात्र पुरतं: कपभर घ्यावं, कोमट करावं, त्यातच ब्रश भिजवावा आणि त्याचेच हप्ते घालावेत. पाण्यात लिंबू किंवा सायट्रिक आम्ल घालण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आम्लाने साबण फुटतो आणि त्याचं तेलकट मेणचट काहीतरी होतं.

धुण्याबद्दल थोडं. दाट ब्रशमध्ये साबण मुळाशी साचतो, आणि कठीण पाणी असेल तर साकाही. काही महिन्यांत केस मुळाशी खडखडीत होतात, तुटून गळू लागतात. दाढीनंतर कोमट पाण्याखाली केस पसरवून, मुळाशी दाबून, पाणी निर्मळ येईपर्यंत धुवावं. महिन्यातून एकदा दहा भाग पाण्यात एक भाग पांढरं व्हिनेगर घालून केस पाच मिनिटं बुडवावेत, मग भांड्याच्या सौम्य साबणाने धुऊन भरपूर पाण्यात खळबळावेत. व्हिनेगरचा अंश राहिला तर दुसऱ्या दिवशीचा फेस तोच मारतो. आणि ब्रश वडीवर उभा दाबून, जागच्या जागी पिरगळण्याची सवय असेल तर मोडा. मधले केस मुळाशी तुटतात आणि जुडीच्या मध्यभागी मेदूवड्यासारखं भोक पडतं. ते परत भरून येत नाही.

वाळवताना पिळून, झटकून, टॉवेलवर दोन्ही बाजूंनी पुसून घ्यावा. टोकं वर की खाली याने फारसा फरक पडत नाही, मोकळी हवा मिळायला हवी. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, दाट ब्रश वरून कोरडा दिसला तरी गाभा दोन-दोन दिवस दमट राहतो. बाथरूमच्या बंद कपाटात ठेवला तर आठवड्यात कुबट वास सुरू. खोलीत पंख्याखाली ठेवावा, आणि जून ते सप्टेंबर एखादा सिंथेटिक आलटून-पालटून वापरावा. तो संध्याकाळपर्यंत वाळतो.