कुंपणाचा घोळ

आज अख्खा रविवार मागच्या अंगणाच्या कुंपणात गेला. हिला सलग लाकडी फळ्यांचं हवंय, बाहेरून काही दिसायला नको, आणि मला जाळीचं, कारण वारा आरपार जातो, बंद कुंपण वादळात शिडासारखं फुगतं आणि आधी खांब हलतात. जुना खांब उपटून बघितला तर वरून ठणठणीत आणि मातीलगत नुसता भुगा, बोट आत गेलं राव! म्हणजे लाकूडच घ्यायचं तर फळ्या जमिनीपासून 2 इंच वर, आणि 6 फुटी कुंपणाला खांब निदान 2 फूट खोल. शेवटी मधे फटी ठेवून उभ्या पट्ट्या, यावर तह झाला. आता रंगावरून जुंपलीय, आणि नेमकी हद्द कुठे ते शेजारच्या काकांना विचारायचं राहिलंच की 🤦