सर्पदंशाचा ट्रे

संस्थेच्या सचिवांच्या लेखी दवाखान्याच्या नोंदींचं सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलेलंच होतं. देणगीदार मिळाला होता, कंपनीची माणसं येऊन पडद्यावर सगळं दाखवून गेली होती. देणगीदारानं तेवढी एक अट घातली : हे या दवाखान्यात चालेल का, ते बाहेरच्या माणसाकडून लिहून घ्या. म्हणून नागपूरहून मला बोलावणं आलं.

दवाखाना यवतमाळ जिल्ह्यात, पांढरकवड्याच्या पुढे, हायवे सोडून आतल्या बाजूला. धर्मादाय संस्थेचा, तीसेक खाटांचा. भोवती कापूस, तूर, सोयाबीन आणि मधूनमधून कोलाम आदिवासींचे पोड, म्हणजे वस्त्या. मी मुद्दाम आठवडी बाजाराचा दिवस मागून घेतला, तोही पोळ्यानंतरचा, फवारणी जोरात असते तेव्हाचा. रिकाम्या दवाखान्यात कोणतंही सॉफ्टवेअर सुरेखच चालतं. सचिव म्हणाले, "त्या दिवशी कायले येता मॅडम? पाय ठेवाले जागा नसते." म्हटलं, मला तेच पाहायचं आहे.

ठरलं असं, की दवाखान्याचं काम नेहमीसारखं वहीवर चालेल आणि तीच नोंद कंपनीचा मुलगा शेजारी बसून लॅपटॉपवर करेल. मी घड्याळ आणि वही घेऊन दोघांच्या मध्ये.

नोंदणीच्या खिडकीवरचे भाऊ बरीच वर्षं तिथेच आहेत. त्यांच्यामागे फडताळात केसपेपरचे गठ्ठे गावाप्रमाणे बांधलेले. नंबर असतो, पण नंबर कोण लक्षात ठेवतो! एक म्हातारी आली, कागद घरीच राहिला म्हणाली. भाऊंनी दोनच गोष्टी विचारल्या : "कोन्या पोडावरची तू माय? कोनाची सून?" आणि तिसऱ्या गठ्ठ्यातून कागद बाहेर. इकडे लॅपटॉपवर आडनाव टाकल्यावर आत्रामांची भली मोठी यादी उघडली. गावाच्या यादीत तिचा पोड नव्हता, कारण बहुतेक पोड म्हणजे काही महसुली गाव नव्हे, आणि यादी आली होती सरकारी गावांच्या कोडवरून. जन्मतारखेच्या रकान्यात आधार कार्डावरची १ जानेवारी टाकली. तिच्यामागच्या दोघांचीही १ जानेवारीच निघाली. शिवाय बाळंतपणाला माहेरी आलेल्या मुलींचे जुने कागद वडिलांच्या नावावर आणि नवे नवऱ्याच्या. भाऊंना ते ठाऊक असतं. मशीनला ते दोन वेगळे रुग्ण.

याला उपाय आहे. पोड आणि "कोणाची सून, कोणाची मुलगी" असे दोन शोधता येणारे रकाने वाढवायचे. हे मी तिथल्या तिथे लिहून घेतलं. केसपेपर छापून देणाऱ्या प्रिंटरचं मात्र तिथल्या तिथे संपलं. थर्मल कागदावरची छपाई उष्णतेनं आणि प्लास्टिकच्या संगतीनं उडते, आणि इथला प्रत्येक केसपेपर घडी घालून प्लास्टिकच्या पिशवीत, पत्र्याच्या घरात खुंटीला असतो. एप्रिल-मेमध्ये त्यावर काय उरणार?

डॉक्टरांच्या खोलीत साधा गुणाकार पुरला. नऊ ते दोन म्हणजे ३०० मिनिटं. बाजाराच्या दिवशी १२० रुग्ण धरले तरी एकाला अडीच मिनिटं. त्यातलं दीड मिनिट पडदे भरण्यात गेलं तर रुग्णाच्या डोळ्यात, घशात, पोटावर पाहायला एक मिनिट. डॉक्टर कंपनीच्या मुलाला म्हणाले, "तू टाईप कर, मी पेशंट पाहतो." तो हसला. डॉक्टर हसले नव्हते.

साडेबाराच्या सुमारास फाटकातून मोटारसायकल थेट पायरीपर्यंत आली. दोघांच्या मध्ये दाबून बसवलेला एक माणूस. निंदणाला आलेल्या बाहेरगावच्या टोळीतला. आणणारे दोघं शेजारच्या शेतातले, त्यांना त्याचं नावही धड ठाऊक नव्हतं. उजव्या पायाच्या घोट्यावर सूज. पापण्या उचलत नव्हत्या, जीभ जड झालेली. साप पाहिला होता का, विचारलं तर एकानं हाताचा फणा करून दाखवला.

सिस्टरांनी कपाटावरून एक स्टीलचा ट्रे उचलला. झाकणाला चिकटपट्टीनं कागद लावलेला : प्रतिसर्पविषाच्या दहा कुप्या, डिस्टिल्ड वॉटर, सिरिंज, ॲड्रेनालिन, निओस्टिग्मिन, ॲट्रोपिन, काचेची कोरडी परीक्षानळी. ती नळी घोणस किंवा फुरसं चावल्याची शंका असली की कामाला येते, कारण त्यांच्या विषानं रक्त गोठेनासं होतं. दोन मिली रक्त त्यात घालून वीस मिनिटं न हलवता ठेवायचं आणि गोठतं का बघायचं. इथे विष नागाचं, नसांवर जाणारं आहे हे पापण्याच सांगत होत्या, पण रक्त घेतलं त्यांनी तरीही. मग कुप्या. प्रतिसर्पविष पावडरच्या रूपात असतं. त्यात पाणी सोडून कुपी तळहातांमध्ये हळूहळू फिरवायची. घाईत खळखळा हलवली तर फेस होतो. सिस्टर एक कुपी विरघळवत होत्या आणि दुसरी शिकाऊ मुलीच्या हातात देऊन नुसत्या डोळ्यांनी सांगत होत्या, हळू.

मी कंपनीच्या मुलाला खूण केली, तुझंही चालू कर. त्याला दोष द्यायचा नाही, त्यानं पटकन तातडीच्या नोंदणीचा पडदा उघडला, नावाच्या जागी "अज्ञात" टाकलं आणि नंबर काढलाही. अडलं पुढे. औषध द्यायला डॉक्टरांची मागणी हवी, आणि ती डॉक्टरांच्याच लॉगिनमधून. डॉक्टर त्या वेळी लुळ्या पडलेल्या स्नायूंसाठी निओस्टिग्मिन देऊन रुग्णाचा श्वास पाहत उभे होते. मागणी आली, की औषध खिडकीवर मंजुरी. मग साठ्यातून वजा. औषध खिडकीवरचे दादा मागे येऊन उभे राहिले होते. ते म्हणाले, "मॅडम, तुमचं मशीन नाव विचारून राह्यलं, अन् ह्याले बोलता येऊन नाही राह्यलं." तेवढ्यात लाईट गेली. लॅपटॉप चालू राहिला, इंटरनेट गेलं. पडद्यावर ते गोल चक्र फिरत राहिलं आणि दहावी कुपी सलाईनमध्ये गेली.

संध्याकाळकडे त्याच्या पापण्या उघडू लागल्या. नाव सांगितलं, गाव तेलंगणातलं निघालं.

मला खरा माल मिळाला तो त्याआधी, जेवणाच्या सुट्टीत. सिस्टर दहा रिकाम्या कुप्या किडनी ट्रेमध्ये घेऊन औषध खिडकीवर गेल्या. दादांनी त्या मोजल्या, लेबलावरचा बॅच नंबर वहीत उतरवला, रिकाम्या ठेवून घेतल्या आणि दहा भरलेल्या दिल्या. ट्रे पुन्हा कपाटावर. कुणाची सही नाही, चिठ्ठी नाही. रुग्णाचा नंबर नंतर सवडीनं लिहिला. रात्री दोन वाजता माणूस आला तरी हेच. औषध खिडकी बंद असली तरी ट्रे भरलेला असतो, आणि सकाळी रिकामी कुपी दाखवल्याशिवाय भरलेली मिळत नाही. चोरी करायला जागा नाही आणि थांबायचं कारण नाही. मी मोठाली रुग्णालयं पाहिली आहेत, पण तातडीच्या औषधांचा हिशेब इतका चोख क्वचितच सापडला. सॉफ्टवेअरला हे येत नव्हतं, कारण त्यात औषध फक्त रुग्णाच्याच नावावर निघत होतं. ट्रेच्या नावावर औषध निघू शकतं, हे ते बनवणाऱ्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

दुपारनंतर प्रयोगशाळेत गेले आणि मला सॉफ्टवेअरची बाजू घ्यावीशी वाटली. विदर्भात सिकलसेल किती, हे इथल्या माणसाला सांगायला नको. रक्तातला हा दोष जन्माचा. तुम्ही वाहक आहात की रुग्ण, हे एकदा नीट कळलं की आयुष्यभर तेच. पण तंत्रज्ञांच्या नोंदी वर्षावर्षाच्या वेगळ्या वह्यांत, त्यामुळे जुना निकाल हाती लागत नाही आणि त्याच बाईची तपासणी पुन्हा होते. लग्नाआधी एकदा, गरोदरपणात एकदा, ॲडमिट झाल्यावर आणखी एकदा. सिकलसेलवरचं हायड्रॉक्सीयुरिया हे औषध चालू असलेल्यांची रक्तपेशींची तपासणी ठरावीक काळानं व्हायला हवी. कोण यायचं राहिलं, हे वहीतून काढायला तंत्रज्ञाला रविवार घालवावा लागतो. कंपनीच्या मुलानं दोन वह्यांमधली काही पानं भरून शोध लावून दाखवला. क्षणात यादी. तंत्रज्ञ खुर्ची ओढून त्याच्या शेजारीच बसला. इथे कुणाला पटवावं लागलं नाही.

अहवालात मी तीन गोष्टींना हो लिहिलं : औषध भांडार, प्रयोगशाळा, सिकलसेलची नोंदवही. नोंदणीची खिडकी पोड आणि नात्याचे रकाने आल्यावर, जुने गठ्ठे जागच्या जागी ठेवून. डॉक्टरांचा पडदा सध्या नको. सगळं इंटरनेटवर ठेवायला स्पष्ट नकार. सर्व्हर दवाखान्यातच हवा, इन्व्हर्टरवर. कंपनीला ते जमत नसेल तर मुक्त, म्हणजे परवाना विकत न घेता वापरता येणाऱ्या प्रणालींचा विचार करा, हेही लिहिलं. छत्तीसगडमध्ये गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगसारख्या ग्रामीण रुग्णालयानं बहमनी ही तशी प्रणाली वापरलेली आहे, ती ओपनएमआरएस या रुग्णनोंदींच्या मुक्त सॉफ्टवेअरवर उभी आहे आणि स्थानिक सर्व्हरवर चालते. परवान्याचे पैसे वाचतात. पण ती सांभाळणारा माणूस लागतो आणि त्याचा पगार दरवर्षी लागतो. देणगी एकदाच येते, हे त्या परिच्छेदात मी जरा ठळकच लिहिलं.

बैठकीत सचिवांचा चेहरा उतरला. अर्धंच सॉफ्टवेअर घेतलं तर देणगीदाराला काय दाखवायचं? सरकारच्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये दवाखाना जोडायचा, रुग्णांना चौदा आकडी आभा (आरोग्य खात्याचा) क्रमांक काढून द्यायचे, नोंदणीसाठी क्यूआर कोड लावायचा, हे सगळं त्यांनी बोलून ठेवलं होतं. मी म्हटलं, क्यूआर लावा की, स्मार्टफोन असलेले स्कॅन करतील. रांग बाकीच्यांची असते.

वाद मात्र ट्रेवर झाला. कंपनीचे साहेब फोनवर होते. रुग्णाशिवाय औषध साठ्यातून निघालं तर ऑडिटमध्ये भोक पडतं, असं त्यांचं म्हणणं. दादा इतका वेळ गप्प होते. ते म्हणाले, "साहेब, भोक कसं पडन? रिकामी कुपी येते ना परत." साहेबांनी विचारलं, रिकामी कुपी सिस्टीममध्ये कशी दाखवायची? यावर बराच वेळ गेला. शेवटी ट्रेला साठ्याची एक वेगळी जागा मानायचं आणि परत आलेल्या कुप्यांचा बॅच नंबर टाकल्याशिवाय ट्रे पुन्हा भरू द्यायचा नाही, यावर गाडी आली. साहेब म्हणाले, यासाठी वेगळं बिल लागेल. सचिवांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, क्यूआरच्या बोर्डाचे पैसे इकडे वळवा.

कामाला सुरुवात तुरी निघाल्यावर करायची ठरली, गर्दी ओसरते तेव्हा. सिस्टरांनी एक अट इतिवृत्तात लिहून घेतली : ट्रेचं कपाट कॉम्प्युटरसाठी हलवायचं नाही.