रक्त काकवीचं, जखम टिश्यू पेपरची
आमच्या बेळगावात कोणी 'हॉरर शॉर्ट फिल्म करूलालोय' म्हटलं की आधी बादलीभर लाल रंग कालवला जातो, कुंकू पाण्यात नाहीतर टोमॅटो सॉस, आणि मग स्क्रीनवर भूत कमी, रंगपंचमी जास्त दिसतीय.

रक्त घट्ट लागतंय की हो. १९८१ च्या 'इव्हिल डेड' या हॉरर सिनेमावाल्यांनी कॉर्न सिरपमध्ये (मक्याचा घट्ट गोड पाक) फूड कलर घातला होता, इथं कॉर्न सिरप कुठं शोधत बसणार, पण निपाणी-संकेश्वर साईडला गुऱ्हाळं लागली की काकवी मिळते आणि तिचा मूळचा तपकिरी रंगच निम्मं काम करतो. थोडं पाणी, लाल फूड कलर, निळ्याचा जेमतेम थेंब, बास. पांढऱ्या ताटलीत सांडून बघा, कडेला पातळ पसरतं तिथं गुलाबी दिसलं तर थोडी काकवी अजून घाला. तोंडातनं गळणारं असलं तरी चालतंय, गोडच लागतंय, मुंग्यांचं काय ते तुमचं तुम्ही बघा.

पण माझं खरं भांडण जखमेच्या काठाशी आहे. रक्त कितीही ओता, काठ उठून दिसला की संपलं. लिक्विड लेटेक्सचा, म्हणजे पातळ रबराच्या चिकाचा, पातळ हात द्यायचा (अमोनियाचा वास येतो, खिडकी उघडी ठेवा), त्यावर टिश्यू पेपरचा एकच पदर, तोही हातानं फाडलेला, कारण कात्रीची सरळ कड कॅमेरा लगेच पकडतो. वाळलं की परत तेच, थर मधे जाड आणि बाहेर जाईल तसे पातळ. मग मधोमध फाडून कडा वर उचलायच्या, आत काळपट लाल, भोवती जांभळं-पिवळं, आणि फाउंडेशन काठावरून ओढत थेट खऱ्या कातडीपर्यंत न्यायचं. लेटेक्स आधी मनगटावर लावून बघा, काहींच्या अंगावर उठतंय. भुवईवर व्हॅसलिन न लावता लावलात तर काढताना भुवई पण येते. लेटेक्सऐवजी जिलेटिन (जेलीसारखं गोठणारं) पण भारी दिसतं, पण मे महिन्यात हॅलोजनखाली ओघळून गळ्यात येतं.

मोबाईलवर शूट असेल तर व्हाईट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग ठरवणारं कॅमेऱ्याचं सेटिंग) लॉक करा, नाहीतर तेच रक्त एका शॉटला केशरी, दुसऱ्याला मरून. टॉम सॅव्हिनीसारख्या नावाजलेल्या हॉरर मेकअपवाल्यानं बनवलेलं रक्तसुद्धा १९७८ च्या 'डॉन ऑफ द डेड'मध्ये भडक आलं, त्याला आवडलं नव्हतं, पण दिग्दर्शक रोमेरोला तो कॉमिकसारखा रंगच पसंत पडला. त्याच रोमेरोच्या १९६८ च्या ब्लॅक अँड व्हाईट सिनेमात तर रक्त म्हणून चॉकलेट सिरप होतं! बजेट अगदीच नसेल तर ब्लॅक अँड व्हाईट करा बघू, त्यात कसली लाज.

आणि कपडे. फूड कलर सुती कापडातनं सहजासहजी जात नाही, म्हणून शर्टावरच्या रक्तात भांड्याचं लिक्विड मिसळायचं (ते मात्र तोंडात जाऊ द्यायचं नाही) आणि खडेबाजारातनं सारखे दोन स्वस्तातले शर्ट आणायचे. हिरो घरचाच शर्ट घालून येणार असेल तर आधी त्याच्या आईला विचारा.