सर्चला न दिसणारं

आज दिवसभर एक जुना लेख शोधत होते. शब्द बदलून पाहिले, अवतरणचिन्हांत टाकून पाहिले, काहीच नाही. शेवटी मिळाला तो एका ग्रंथालयाच्या साइटवर, त्यांच्याच शोधचौकटीत वर्ष टाकल्यावर. पान स्कॅन केलेलं, म्हणजे संगणकाच्या लेखी नुसतं चित्र. ओसीआर करून त्यातली अक्षरं ओळखून घेतली नाहीत, तर तो मजकूर शोधात येतच नाही.

मुळात आपण विचारतो तेव्हा गूगल किंवा बिंग काही इंटरनेटभर फिरत नाहीत, आधी गोळा केलेल्या सूचीत बघतात. ती सूची भरणारे क्रॉलर नावाचे प्रोग्रॅम लिंकवरून लिंकवर जातात. लॉगिन लागलं, किंवा फॉर्म भरल्याशिवाय पान तयारच होत नसेल, की सहसा तिथेच अडतात. शिवाय १९९४ पासून रोबॉट्स फाइल (robots.txt) ठेवून साइटवाले या क्रॉलरना 'इथे फिरकू नका' असंही सांगू शकतात. (ते मला रास्तच वाटतं.)

काळजी वेगळीच आहे. 'गूगलवर नाही म्हणजे नाहीच' हे हल्ली किती ठामपणे म्हटलं जातं! आणि छापलेलं कितीतरी अजून स्कॅनसुद्धा झालेलं नाही. तुमच्यात कोणी ग्रंथपाल असेल तर सांगा ना, जुन्या नियतकालिकांच्या सूची कुठून बघायला सुरुवात करू?